‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ म्हणजे नेमकं किती?

आमच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपानावरचं ते वाक्य माझंच होतं. दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि लिहिताना त्याच्या आटोपशीरपणाचं मला जरा कौतुकही वाटलं होतं: ‘रुंदी ८ व अचूकता ३ दिल्यास संख्या ८.३ या स्वरूपात छापली जाते.’ आमच्या लायब्ररीतलं, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या तयार कोडच्या संग्रहातलं, संख्या छापणारं फंक्शन आतून सी भाषेच्या प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनवरच बसवलेलं आहे. त्यामुळे ‘८.३’ बघितलं की ज्याला कळायचं त्याला कळेल, असा माझा हिशेब. ज्याला कळत नाही तोच हे पान उघडतो, हे काही तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

मग एक दिवस रिपोर्ट बनवणाऱ्या मंडळींची तक्रार आली: कॉलम वाकडेतिकडे येतात. त्यांनी रुंदी ५ आणि अचूकता २ दिली होती. लहान संख्या नीट बसत होत्या, मोठी आली की ती ओळ उजवीकडे सरकत होती. मी विचारलं, पाच का दिलंत? उत्तर आलं, ‘टिंबाआधी पाच अंक, टिंबानंतर दोन. तुमच्या पानावर तसंच लिहिलंय ना?’ मी पान उघडून पाहिलं. तसं लिहिलेलं नव्हतं. पण तसं नाही, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

पहिला उपाय मी नेहमीचाच केला, वाक्य लांबवलं. ‘रुंदी म्हणजे संख्येसाठी राखलेली एकूण जागा होय.’ दोन दिवसांनी नवा प्रश्न: ‘संख्या त्या जागेत मावली नाही तर कापली जाते का?’ प्रश्न रास्त होता. ‘जागा’ म्हटलं की डोळ्यांसमोर चौकट येते, आणि चौकटीबाहेरचं कापलं जातं असंच कुणालाही वाटणार.

तेव्हा ठरवलं की एकेक वाक्य ठिगळासारखं शिवत बसण्यात अर्थ नाही. अख्खं पान नव्याने लिहायचं. आणि या वेळी ते समजतंय की नाही, हे मी ठरवायचं नाही. टेस्टिंगमध्ये एक नवीन मुलगा आला होता. त्याला पानाची छापील प्रत दिली, एक कोरा कागद दिला आणि दहा प्रश्न. संगणक बंद. पान वाचायचं आणि अमुक फॉरमॅटला अमुक संख्या दिली तर काय छापलं जाईल ते पेन्सिलीने लिहायचं. तो हसून म्हणाला, ‘मॅडम, परीक्षाच घेताय की!’ मी म्हटलं, ‘हो, पण माझी.’

दहापैकी सहा उत्तरं चुकली. मुलगा हुशार, सावकाश वाचणारा. त्या सहा चुका मी पुढचे तीन आठवडे पुरवून पुरवून वापरल्या.

सगळ्यात मजेशीर चूक शून्यांची होती. पानावर होतं: ‘० हा ध्वज दिल्यास संख्येच्या पुढे शून्ये लावली जातात.’ (ध्वज म्हणजे फॉरमॅटमध्ये जोडायची खूण.) प्रश्न होता, रुंदी ५, संख्या ४२. अपेक्षित उत्तर ०००४२. त्याने लिहिलं होतं ४२०००. मी चक्रावले, आणि मग माझं मलाच हसू आलं. ‘एकाच्या पुढे शून्य’ म्हटलं की आपण दहा म्हणतो! वाचताना आपण डावीकडून उजवीकडे पुढे पुढे जातो, तेव्हा ‘पुढे’ म्हणजे उजवीकडे. मी मात्र रांगेतल्या माणसांचा विचार करत होते, तिथे पुढचा म्हणजे पहिला. मराठीत दोन्ही बरोबर. त्या दिवसापासून पानावर ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे शब्द वर्ज्य केले. फक्त ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’. ‘टिंबाआधी’ चालतं, त्यात घोळ होत नाही. त्याच वाक्यात आणखी एक भर पडली: उणे संख्येत शून्यं चिन्ह आणि अंक यांच्या मध्ये येतात आणि चिन्हही रुंदीत मोजलं जातं. म्हणजे रुंदी ५ आणि संख्या -४२ असेल तर -००४२ छापलं जातं, -०००४२ नाही.

यावरून लक्षात आलं की आधी शब्दांचाच गुंता सोडवायला हवा. आपण ‘आकडा’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. ‘पाच आकडी पगार’ यातला आकडा म्हणजे अंक. ‘विक्रीचा आकडा’ यातला आकडा म्हणजे अख्खी संख्या. माझ्या पानावर ‘आकडा’ अकरा वेळा होता. मोजून पाहिलं तर सात ठिकाणी अंक या अर्थाने, चार ठिकाणी संख्या या अर्थाने. ‘आकडा मोठा असल्यास’ या वाक्याचा अर्थ ९ हा ३ पेक्षा मोठा असाही होऊ शकतो, हे मला कधी खटकलंच नव्हतं. सगळे अकरा काढून टाकले. ० ते ९ ही चिन्हं म्हणजे अंक. अंकांनी लिहिली जाते ती संख्या.

आणि तिसरा शब्द आपल्याकडे आयता आहे, ज्याचा हेवा इंग्रजीत लिहिणाऱ्यांना वाटावा: क्रमांक. त्यांच्याकडे सगळ्यालाच ‘नंबर’, त्यामुळे खात्याचा नंबरही बिचारा संख्येच्या खात्यात जाऊन बसतो. क्रमांकांची बेरीज कुणी करत नाही, त्यांचा राउंड ऑफ करत नाही, आणि डावीकडची शून्यं त्यात महत्त्वाची असतात. ००४२७ हा क्रमांक संख्या म्हणून साठवला तर ४२७ छापलं जातं. सी भाषेच्या कोडमध्ये तो तसाच लिहिला तर आणखी मजा, डावीकडच्या शून्यामुळे ती अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीत मोजलेली, संख्या धरली जाते आणि छापलं जातं २७९. म्हणून पानाच्या अगदी वर एक ओळ घातली: ‘हे फंक्शन संख्यांसाठी आहे, क्रमांकांसाठी नाही, क्रमांक अक्षरमालिका म्हणून साठवा.’ त्या एका ओळीने नंतर आलेले किती प्रश्न वाचवले ते सांगता येत नाही, कारण न आलेले प्रश्न मोजता येत नाहीत. पण आधी ते यायचे, नंतर आले नाहीत.

आता रुंदी. तिथे मी स्वतःला दोन प्रश्न विचारले: यात नेमकं काय काय मोजलं जातं? आणि मावलं नाही तर काय होतं? पहिल्याचं उत्तर, सगळं. उणे चिन्ह, टिंब, टिंबाच्या दोन्हीकडचे अंक, मध्ये स्वल्पविराम असतील तर तेही. दुसऱ्याचं उत्तर, काही होत नाही, संख्या पूर्ण छापली जाते. १२.३५ ला ८.३ दिलं तर टिंबानंतर तीन अंक होऊन १२.३५० होतं, ही सहा अक्षरं, म्हणून डावीकडे दोन मोकळ्या जागा. १२३४५.६७८ ला तेच दिलं तर नऊ अक्षरं होतात आणि नऊच्या नऊ छापली जातात. रुंदी ही किमान असते, कमाल नसते. इतकी साधी गोष्ट, पण ‘किमान’ हा एक शब्द माझ्या पानावर कुठेच नव्हता.

हा शब्द इतका का लागतो हे वाचणारे कुठून आले आहेत त्यावरून कळतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी फोरट्रानवर वाढलेले. तिथे संख्या दिलेल्या रुंदीत मावली नाही तर ती अख्खी जागा तारांकनांनी भरली जाते. त्यांच्या मते तेच सभ्यपणाचं: चुकीची संख्या दाखवण्यापेक्षा काहीच दाखवू नका. स्प्रेडशीटवाल्यांना अरुंद कॉलममध्ये # चिन्हांची रांग बघायची सवय. कोबॉलमध्ये मोठी संख्या लहान जागेत हलवली तर डावीकडचे अंक गुपचूप गळतात. प्रत्येक जण आपापला अनुभव घेऊन माझं वाक्य वाचणार, आणि मी जे सांगितलं नाही ते आपल्या सवयीने भरून घेणार. शेवटी वाक्य झालं असं: ‘रुंदी म्हणजे छापल्या जाणाऱ्या अक्षरांची किमान संख्या. चिन्ह, दशांश चिन्ह, गट पाडणारी चिन्हे व सर्व अंक हे सारे यात मोजले जातात. मजकूर याहून लांब असल्यास तो पूर्ण छापला जातो. कापला जात नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यावं लागणार आहे.

उदाहरणांत मोकळी जागा दाखवायची कशी, हा एक छोटा पण चिवट प्रश्न होता. वेबपानावर सलग मोकळ्या जागा एकीत मिसळून जातात, कागदावर त्या मोजता येत नाहीत. मी प्रत्येक मोकळ्या जागेऐवजी मध्यबिंदू टाकला: ··१२.३५०. आणि पानावर सांगून ठेवलं की बिंदू प्रत्यक्षात छापला जात नाही. तरी एकाने विचारलंच, ‘हे बिंदू काढायचे कसे?’ चालायचंच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘अचूकता’ या शब्दाने. चांगला शब्द आहे, वजनदार आहे, आणि इथे तो सरळसरळ फसवतो. प्रिंटएफमध्ये टिंबानंतर लिहिलेल्या त्या एका संख्येचा अर्थ शेवटच्या अक्षरावर अवलंबून असतो. ‘.३एफ’ म्हणजे टिंबानंतर तीन अंक: १२३४.५६७८ चे १२३४.५६८. ‘.३जी’ म्हणजे एकूण तीन सार्थ अंक, डावीकडची शून्यं सोडून मोजलेले: त्याच संख्येचे १.२३ई+०३ (म्हणजे १.२३ गुणिले हजार), आणि ०.०००१२३४५ चे ०.०००१२३. ‘.५डी’ म्हणजे पूर्णांकाचे किमान पाच अंक, कमी असतील तर डावीकडे शून्यं: ४२ चे ०००४२. आणि ‘.३एस’, म्हणजे अक्षरमालिका (नुसता मजकूर) असेल तर, कमाल तीन. म्हणजे कधी नेमके, कधी किमान, कधी कमाल. कधी टिंबापासून मोजायचं, कधी पहिल्या सार्थ अंकापासून, कधी मजकुराच्या सुरुवातीपासून. आणि या सगळ्याला मी एकच नाव देऊन मोकळी झाले होते.

शेवटच्या प्रकारात तर मी स्वतःच आपटले. उदाहरण म्हणून ‘मराठी’ हा शब्द घेतला आणि पानावर ठोकून दिलं की ‘.३एस’ ने ‘मराठ’ छापलं जाईल. चालवून पाहिलं तर नुसता ‘म’. सी भाषेत ती तीन म्हणजे तीन बाइट, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. पायथनमध्ये हेच केलं तर ‘मरा’ येतं, कारण तिथे कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं, मोजले जातात आणि काना हा स्वतंत्र कोडपॉइंट. ज्याला आपण अक्षर म्हणतो ते दोघांनाही ठाऊक नाही. पानावर ‘कमाल ३ बाइट’ असं लिहिलं आणि खाली ‘मराठी’चं उदाहरण ठेवलं, डोळ्यांना खुपतं, पण खुपावं म्हणूनच ठेवलंय.

‘अचूकता’ मी काढूनच टाकली. तिच्या जागी कोणताही नवा जड शब्द घडवला नाही. नुसतं लिहिलं: ‘टिंबानंतर लिहिलेली संख्या’, आणि प्रत्येक प्रकारासाठी वेगळं वाक्य. पान लांबलं. एका वरिष्ठाने शेरा मारला की चार वाक्यांत तेच तेच येतंय. तेच तेच येत नव्हतं, हाच तर मुद्दा होता. पण वाद घातला नाही. त्यालाही कागद-पेन्सिल दिली. नंतर शेरा मागे घेतला गेला.

आता शीर्षकातला प्रश्न. जुन्या पानावर ‘निकाल दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवला जातो’ असं होतं. ३.५ चं काय छापलं जाईल? मुलाने लिहिलं ३.५. हिशेब बघणाऱ्या सहकारी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ‘३.५०, हे काय विचारायचं झालं?’ दोघांचंही बरोबर. ‘पाच वाजेपर्यंत ये’ म्हणजे पाचच्या आत कधीही आलास तरी चालेल. ‘पाचव्या पानापर्यंत वाच’ म्हणजे पाचवं पान गाठलंच पाहिजे. एकाच ‘पर्यंत’मध्ये कमाल मर्यादाही आहे आणि गाठायचं ठिकाणही. बोलताना प्रसंगावरून कळतं. फॉरमॅटच्या पानावर प्रसंगच नसतो.

ही केवळ मराठीची अडचण नाही, हे जावास्क्रिप्ट भाषेतल्या संख्या छापणाऱ्या नंबरफॉरमॅटकडे पाहिलं की कळतं. तिथे टिंबानंतरचे किमान अंक आणि कमाल अंक या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. काहीच दिलं नाही तर साध्या संख्येसाठी किमान ० आणि कमाल ३, म्हणून १.२३४५६ चे १.२३५ होतात आणि ३.५ तसाच राहतो. साच्यांच्या भाषेतही हाच भेद आहे: ० म्हणजे इथे अंक हवाच, # म्हणजे असला तर दाखव. हा भेद न समजता कुणी डॉटनेटमध्ये ‘#.##’ असा साचा दिला आणि संख्या शून्य निघाली, तर छापली जाते कोरी जागा. शून्य दिसतच नाही. रिपोर्टमध्ये कोरा रकाना बघून माणूस ‘माहिती आलेली नाही’ असं समजतो, आणि असतं मात्र शून्य. मी आता तीनच शब्द वापरते: किमान, कमाल, नेमके. ‘टिंबानंतर नेमके दोन अंक.’ ‘पर्यंत’ला पानावर प्रवेश नाही.

राउंड ऑफचा परिच्छेद मात्र मी चक्क खोटा लिहिला होता, आणि तो दोन वर्षं तसाच उभा होता. ‘पुढचा अंक ५ किंवा अधिक असल्यास वरची संख्या घेतली जाते.’ शाळेत शिकलो तेच. मग टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, आलं: २.६७५ चे दोन अंकांत २.६८ यायला हवेत, २.६७ येतात, फंक्शनमध्ये बग आहे. बग फंक्शनमध्ये नव्हता. २.६७५ ही संख्या बायनरीमध्ये नेमकी मांडताच येत नाही; साठवलं जातं ते २.६७४९९९९९९९९९९९९८२२… असं काहीतरी, आणि ते २.६७ लाच जवळचं आहे. फंक्शन प्रामाणिक होतं, पान खोटारडं.

बरं, जिथे संख्या अगदी मधोमध साठवली जाते, तिथेही माझं वाक्य टिकत नव्हतं. २.५ ला टिंबानंतर शून्य अंक दिले तर आमच्याकडे २ येतात, ३.५ चे ४. बरोब्बर मध्यावर असेल तर समसंख्येकडे, असा तो नियम. ०.१२५ चे दोन अंकांत ०.१२. जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड मात्र २.५ चे ३ देतं. आणि जावात तर एकाच घरात दोन रीती: डेसिमलफॉरमॅट काही न सांगता समसंख्येकडे जातं, स्ट्रिंगचं फॉरमॅट शून्यापासून लांब. त्यामुळे ‘नेहमीप्रमाणे राउंड केले जाते’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मी आता विचारते, कुणाच्या नेहमीप्रमाणे?

‘वरची संख्या’ हाही घोळच. -२.५ च्या वर काय? संख्यारेषेवर पाहिलं तर -२. नुसते अंक पाहिले तर -३. जावाने यासाठी दोन नावं ठेवली आहेत: ‘अप’ म्हणजे शून्यापासून लांब, ‘सीलिंग’ म्हणजे धन अनंताकडे. नावांवरून हे कुणाला आपसूक कळेल असं मला वाटत नाही, पण निदान त्यांच्या पानावर अर्थ स्पष्ट दिलेला आहे. मी ‘वर’ आणि ‘खाली’ सोडून दिलं. ‘शून्याकडे’ आणि ‘शून्यापासून लांब’ हे कोणत्याही चिन्हाला लागू पडतं. आता प्रश्न हा की वापरणाऱ्याला यातलं किती सांगायचं. फ्लोटिंग पॉइंटचं, म्हणजे दशांश संख्या बायनरीत साठवण्याच्या पद्धतीचं, अख्खं प्रकरण या पानावर मांडायचा मोह मला झाला, दीड पान लिहिलंही. मग सगळं काढलं आणि दोन वाक्यं ठेवली: ‘राउंड करताना कोडमध्ये लिहिलेली नव्हे, तर प्रत्यक्ष साठवलेली संख्या विचारात घेतली जाते. ती बरोबर मध्यावर असल्यास शेवटचा अंक सम होईल असा निकाल घेतला जातो.’ खाली २.६७५ आणि २.५ ही दोन उदाहरणं, बस. ती दीड पानं दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहेत. ज्याला खाज आहे तो जाऊन वाचतो.

उणे शून्याची ओळ एका वाक्यात उरकली: -०.००१ ला टिंबानंतर दोन अंक दिले तर -०.०० छापलं जातं, आणि हे मुद्दाम तसं आहे. पायथनने ३.११ या आवृत्तीत हे उणे चिन्ह घालवायला ‘झेड’ नावाचा खास पर्याय दिला, यावरून ते किती जणांना खुपत असेल याचा अंदाज यावा. टक्क्यांचंही तसंच थोडक्यात: टक्के दाखवणारा पर्याय आधी १०० ने गुणतो की नाही, एवढं सांगितलं की पुरतं. आमचा गुणतो. ०.१५ द्या, १५ नका देऊ.

भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगबद्दल माझ्या पानावर एकच वाक्य होतं, ‘दशांश चिन्ह म्हणून टिंब वापरले जाते’, आणि तेही एका मर्यादेतच खरं. सी भाषेतला प्रोग्राम सुरू होतो तेव्हा टिंबच असतं. पण प्रोग्राममधल्या कुणीही, अगदी खिडक्या काढणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीनेही, सेटलोकेल हे संगणकाची भाषा-प्रदेशाची सेटिंग लागू करणारं फंक्शन बोलावलं आणि संगणकाची सेटिंग जर्मन असली, की त्या क्षणापासून १२.३५ चे १२,३५ होतात. स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फाइलमध्ये ते गेलं की एका रकान्याचे दोन. हे आमच्याकडे घडलं. शोधायला चार दिवस लागले, कारण प्रत्येक जण पान उघडून ‘टिंब वापरले जाते’ हे वाचून तिकडून नजर काढून घेत होता. न लिहिलेलं वाक्य परवडलं असतं.

तसं पाहिलं तर टिंब की स्वल्पविराम, यावर वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही निवाडा दिलेला नाही. २००३ च्या बाविसाव्या परिषदेत ठराव झाला तो असा की दशांश चिन्ह टिंब असो वा स्वल्पविराम, दोन्ही चालतील; फक्त अंकांचे तीन-तीनचे गट पाडताना मधल्या जागेत यातलं काहीच घालू नका. कागदावर छान. प्रत्यक्षात १.२३४ ही संख्या एकापेक्षा थोडी मोठी आहे की हजारापेक्षा, हे संख्या बघून सांगता येत नाही.

गटांच्या बाबतीत मी ‘हजारांचा विभाजक’ असं लिहिलं होतं. मराठी सेटिंगमध्ये १२,३४,५६७ छापलं जातं. त्यातला पहिला स्वल्पविराम हजारांचा नाही, लाखांचा आहे. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहात यासाठी ‘#,##,##०.###’ असा साचा आहे: उजवीकडून पहिला गट तिनाचा, पुढचे दोनाचे. अरे, म्हटलं ना ‘पुढचे’! डावीकडचे दोनाचे. म्हणून नाव बदलून ‘गट पाडणारे चिन्ह’ केलं. ते चिन्ह दर वेळी येतं असंही नाही. स्पॅनिशमध्ये १२३४ असाच राहतो आणि १२.३४५ ला मात्र टिंब येतं. फ्रेंचमध्ये ते चिन्ह म्हणजे एक अरुंद, न तुटणारी मोकळी जागा. साध्या मोकळ्या जागेसारखी दिसते, तशी नसते, आणि टेस्ट का फेल होते ते दिवसभर कळत नाही.

देवनागरी अंकांचाही पर्याय आमच्या फंक्शनमध्ये आहे. जावास्क्रिप्टच्या नंबरफॉरमॅटला मराठी सांगितली की न मागता देवनागरी अंक येतात, हिंदी सांगितली की येत नाहीत. सीएलडीआरमध्ये तसं ठरलेलं आहे. पायथन १२३ हे देवनागरीत दिलं तरी पूर्णांक म्हणून घेतं, जावास्क्रिप्ट ‘ही संख्याच नाही’ म्हणतं. एवढं सगळं पाहिल्यावर पानावर ठळक अक्षरांत एक ओळ गेली: ‘हा निकाल माणसाने वाचण्यासाठी आहे. दुसऱ्या प्रोग्रामला देण्यासाठी वापरू नका.’ आधी मी ‘वापरू नये’ लिहिलं होतं. ‘नये’, ‘करावे’ या रूपांत सक्ती किती आणि सल्ला किती, याचा पत्ता लागत नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी यावर १९९७ मध्येच आरएफसी २११९ मध्ये तोडगा काढला: सक्ती, शिफारस आणि मुभा यांचे शब्द ठरवून टाकले. मीही ठरवले. सक्ती असेल तर सरळ आज्ञार्थ, सल्ला असेल तर ‘शक्यतो’, मुभा असेल तर ‘चालेल’.

उदाहरणांबद्दल एकच सांगते. जुन्या पानावर सगळी उदाहरणं ३.१४ ची होती. इतकं निकामी उदाहरण दुसरं नसेल. त्याला ४.२ दिलं की ३.१४ च छापलं जातं. रुंदी किमान समजा, कमाल समजा, दोन अंक नेमके समजा की कमाल समजा, प्रत्येक गैरसमज त्यात सुखाने राहतो. आता उदाहरण निवडताना आधी गैरसमज लिहून काढते आणि मग अशी संख्या शोधते, जिच्यात तो गैरसमज वेगळं उत्तर देईल. आणि उत्तर हाताने टाइप करत नाही. पान तयार होताना उदाहरणं खरोखर चालवली जातात. ‘मराठ’ने तेवढं शिकवलं होतं.

दुसरी परीक्षा दुसऱ्याच मुलीला दिली, कारण पहिल्या मुलाला आता सगळं पाठ झालं होतं. दहापैकी एक चुकलं, तेही घाईत. पान प्रसिद्ध केलं. रिपोर्टवाल्यांनी रुंदी १२ केली, कॉलम सरळ झाले. मी खूश.

नवव्या दिवशी टिकेट आलं. ‘देवनागरी अंकांचा पर्याय चालू केला की ८.३ देऊनही १२.३५० च्या डावीकडे मोकळी जागा येत नाही. पानावर लिहिलंय, अक्षरांची किमान संख्या. ही सहाच अक्षरं आहेत. मी मोजली.’

मीही मोजली. पाच देवनागरी अंक, प्रत्येकी तीन बाइट, वर एक टिंब. सोळा. आमचं फंक्शन आधी अंक बदलतं आणि मग ती अक्षरमालिका प्रिंटएफला देऊन जागा भरून घेतं, आणि प्रिंटएफच्या दृष्टीने सोळा हे आठपेक्षा केव्हाच जास्त झालेलं. ‘.३एस’ खाली मी स्वतःच्या हाताने ‘कमाल ३ बाइट’ लिहिलं होतं, आणि त्याच पानावर चार परिच्छेद वर, रुंदीच्या त्या घोटून घोटून घडवलेल्या वाक्यात, ‘अक्षरांची’.

फंक्शन दुरुस्त करायचं की वाक्य, यावर आमची अजून चर्चा चालू आहे. तोवर वाक्याखाली एक कंसातली ओळ टाकली आहे, आणि त्या मुलाने छापील प्रतीवर ‘अक्षरांची’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढून ती माझ्या टेबलावर ठेवली आहे.